सगळ्यांची आजी

फिलाडेल्फिया, १२ फेब्रुवारी २०१२

व्हनेटा,

तुझं पत्र पोचलं. तीन आठवडे जमीन दिसली नाही म्हणतेस. इथे तरी कुठे दिसतेय? बर्फ पडला, गाड्यांखाली रगडून काळा झाला, आणि त्यात मी सकाळी सातपासून कोपऱ्यावर 'थांबा'ची पाटी धरून उभी. तुझी नोकरी पाण्यातली, माझी चिखलातली. तुझी केझिया बरी आहे. पुढचा एक दात पडलाय, दुसरा हलतोय, खाणं मात्र पूर्ण बत्तिशी असल्यासारखं.

काल चर्चच्या तळघरात शाळेवरून सभा झाली. सभा म्हणजे काय, तळलेले मासे, बटाट्याचं सॅलड आणि भांडण. अर्धे लोक म्हणतात पोरांना आपल्या जुन्या टॉलिव्हर शाळेतच ठेवा. अर्धे म्हणतात टेकडीवरच्या लॅडरमध्ये घाला. लॅडर म्हणजे ती चार्टर शाळा. पैसा सरकारचा, हुकूम कंपनीचा. फी नाही, पण नाव सोडतीत निघावं लागतं.

आपल्या चर्चच्या डीकन पर्नेलची तिन्ही नातवंडं लॅडरमध्ये, जांभळे टाय लावून जातात. तो उठून म्हणाला, "टॉलिव्हरमध्ये पोर घालणं म्हणजे गळक्या होडीत बसवणं." हॅटी क्रम्पने टॉलिव्हरला सगळं आयुष्य शिकवलं. ती बसल्या जागेवरून ओरडली, "होडी गळते, कारण तुम्ही तिच्या फळ्या उपटून टेकडीवर नेताय! एकेक पोर जातं, त्याच्यामागे त्याचा पैसा जातो. आमची नर्स गेली, गाण्याचा मास्तर गेला. उद्या मी मेले तर माझी शवपेटीपण वर नेऊन ठेवाल." डीकन म्हणाला, "तू गेलीस तर शांतताच मिळेल, सिस्टर क्रम्प." मग बराच वेळ कुणी मासे खाल्ले नाहीत.

मला विचारलं, मिस ग्रिग्ज, तुमचं काय मत? मी म्हटलं, मी दोन्ही शाळांच्या पोरांना रस्ता पार करून देते. लीहाय अव्हेन्यूवरच्या गाड्या टाय बघून ब्रेक मारत नाहीत. मला हॉट सॉस द्या.

तुला म्हणून सांगते. पोरीला आहे तिथे राहू दे. टॉलिव्हरच्या नळाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली आहे, ग्रंथालयाला कुलूप आहे, सगळं मान्य. पण तिथे दारातल्या बाईला पोरीचं नाव ठाऊक आहे.

तुझी आई


समुद्रावरून, ९ मार्च २०१२

आई,

दारातल्या बाईला नाव ठाऊक असून काय उपयोग, पोरीला स्वतःचं नाव सोडून काही वाचता येत नसेल तर?

मागच्या सुट्टीत मी केझियाला वाढदिवसाचं कार्ड दिलं. तिने ते उघडलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं. शब्द न् शब्द चुकीचा. चित्रातला केक बघून ती मनाने वाक्यं रचत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती, बरोबर आलं का म्हणून. आई, ती दुसरीत आहे. तू त्या वेळी स्वयंपाकघरात होतीस. मी तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, शिकेल हळूहळू.

तू टॉलिव्हरची बाजू घेतेस, कारण तिथल्या किचनमध्ये तुला सकाळची गरम कॉफी मिळते. रागावू नकोस, खरं तेच लिहिते. मीही त्याच शाळेतून गेले. बाहेर पडल्यावर नेव्हीच्या परीक्षेला मला दोनदा बसावं लागलं. माझ्यासोबतच्या पोरी एका दमात पास झाल्या.

नाव सोडतीत घाल. हे मी तुझं मत विचारत नाहीये. मी घरापासून जगाच्या दुसऱ्या टोकाला इंजिनाच्या पोटात उभी असते ती कशासाठी? नोव्हेंबरात माझी मुदत संपते. तोवर तिची सोय झालेली असू दे.

केझियाला माझ्याकडून दोन्ही गालांवर.

व्हनेटा


फिलाडेल्फिया, २२ एप्रिल २०१२

व्हनेटा,

कॉफीचं लिहिलंस ते लक्षात ठेवते. ती कॉफी नसते, कोमट पाणी असतं. त्यांच्याकडे पावडरीला पैसे नाहीत.

सोडत झाली. लॅडरच्या जिममध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. बिंगोला असतो तसा जाळीचा पिंजरा, त्यात गोळ्या. एक हसरा माणूस पिंजरा फिरवी, गोळी काढी, नाव वाची. ज्याचं नाव यायचं ती आई किंचाळायची, बाकीच्या टाळ्या वाजवायच्या आणि दात दाखवायच्या. असं हसणं मी मयतावर बघितलंय. माझ्या शेजारी बसलेली एक तरुण आई टाळ्या वाजवता वाजवता रडत होती, दोन्ही एकदम.

असो. जागा मिळाली. सप्टेंबरपासून केझिया लॅडरमध्ये.

कागद शेजारच्या बर्नडीनने भरले. तिची डेलिया पहिलीपासून तिथेच आहे, तिला त्यांचं सगळं ठाऊक. माझं अक्षर कसं आहे ते तू जाणतेस. शाळेचे फोनही तिच्याच नंबरावर जातील. मला रस्त्यावर फोन ऐकू येत नाही. यापेक्षा जास्त विचारू नकोस. तुला जागा हवी होती, जागा आहे.

जांभळा फ्रॉक आणला. पोरगी त्यात टपोऱ्या वांग्यासारखी दिसते.

तुझी आई


समुद्रावरून, ३ जून २०१२

आई!

मी तुझं पत्र आमच्या अख्ख्या खोलीला वाचून दाखवलं. वांग्याला तर पोरींनी शिट्ट्या मारल्या. त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले.

आता एक सांगायचं आहे. आधी विचारायला हवं होतं, पण इथे सही करायची तारीख ठरलेली असते. मी आणखी तीन वर्षांसाठी सही केली. नोव्हेंबरात येणार नाही. केझिया नीट लागली नसती तर मी यायलाच हवं होतं. पण लॅडर पाचवीपर्यंत आहे. पाचवी होईल तेव्हा मी वरच्या हुद्द्यावर असेन आणि मग आपण कुठेही राहू शकू, बागेच्या घरात, चांगल्या शाळेच्या हद्दीत, सोडतीबिडतीशिवाय. त्या जागेच्या भरवशावर मी ही सही केली, आई. तू ती मिळवलीस. तुला आयुष्यात मी जे जे टोचून बोलले असेन ते सगळं मागे घेते. कॉफीसुद्धा.

व्हनेटा


फिलाडेल्फिया, १४ ऑक्टोबर २०१२

व्हनेटा,

हे पत्र उन्हाळ्यात लिहायला घेतलं आणि तीनदा चुलीत घालावंसं वाटलं. आपल्याकडे चूल नाही, म्हणून राहिलं.

आधी चांगलं. केझिया वाचते. खोटं नाही. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचं वाचते, माझ्या गोळ्यांच्या बाटलीवरचं वाचते आणि मला दरडावते, "आजी, जेवणानंतर लिहिलंय." रविवारी चर्चमध्ये स्तोत्र वाचलं, एकदाही अडखळली नाही. डीकन पर्नेलने माझ्याकडे असं बघितलं जसं काही त्यानेच तिला जन्म दिला.

आता दुसरं. तिथे वर्गाबाहेर बोलायचं नाही. पोरांनी तोंडात हवा भरून गाल फुगवायचे आणि हाताची घडी घालून फरशीवरच्या पट्टीवरून चालायचं. गाल फुगलेले असले की बोलता येत नाही ना. हवा सुटली, शब्द निघाला, की जेवताना भिंतीकडे तोंड. आपली केझिया आता घरातला जिनापण तशीच चढते. मी म्हटलं, "अगं, हे घर आहे, सोड ती हवा." ती वरच्या पायरीपर्यंत गेली आणि मग सोडली.

गेल्या महिन्यात तिला लघवीला जायचं होतं. जायची ठरलेली वेळ संपली होती, हात वर केला तर परवानगी मिळाली नाही. वर्गातच झालं. शाळेने फोन केला बर्नडीनला. ती हॉस्पिटलच्या कपडे धुण्याच्या खोलीत, तिथे फोन कपाटात बंद करून ठेवावे लागतात. पोरगी ओल्या मोज्यांत शाळा सुटेपर्यंत बसली. आणि मी कुठे होते? फाटकासमोर, कोपऱ्यावर, हाकेच्या अंतरावर. मला कुणी कळवलं नाही. का कळवतील? मी तिची कुणी नाही.

हेच सांगायचं होतं. सोडतीत तिचं नाव निघालं नाही. पिंजरा रिकामा झाला तरी निघालं नाही. बाहेर आल्यावर बर्नडीनने माझा हात धरला, म्हणाली, "मिस अर्नेस्टीन, भावंडांना सोडत लागत नाही." मी म्हटलं, "कुणाची भावंडं?" ती म्हणाली, "डेलिया आणि केझिया एका टबात आंघोळ करून मोठ्या झाल्या. चर्चमध्ये सगळे बहिणीच म्हणतात. त्यात आपण खोटं काय बोलतोय?" मग तिने लिहिलं की केझिया तिच्या घरात राहते आणि तीच तिला सांभाळते. ऑफिसातल्या बाईने डेलियाला विचारलं, "ही तुझी बहीण?" डेलिया म्हणाली, "हो, मॅम." तिची पापणी लवली नाही. का लवेल? तिला तेच ठाऊक आहे. आपल्या गल्लीत रक्त कोण बघतो? तूही चार मावश्यांची नावं सांगशील, त्यातली एकही माझी बहीण नाही.

मी केझियाला बसवून शिकवलं. शाळेत मी तुझी आजी नाही. शाळेत मी मिस ग्रिग्ज, रस्ता पार करून देणारी.

आता मी ऑफिसात जाऊन मोज्यांबद्दल भांडले तर विचारतील, तू कोण? आणि खरं सांगितलं तर जागा जाईल. तू सही करून बसलीस. मी जन्मात कधी तोंड आवरलं नाही, ते आता आवरून बसलेय. काय करू ते सांग.

तुझी आई


समुद्रावरून, ११ नोव्हेंबर २०१२

आई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा माझा.

आधीच सांगितलं असतंस तर मी सही केली नसती. आता केली आहे. ती परत घेता येत नाही, मी विचारून आले. चीफ म्हणाला, "ग्रिग्ज, हे हॉटेल नव्हे." म्हणजे आता मी इथे आहे, तू तिथे आहेस, आणि आपल्यामध्ये ती एक जागा आहे. ती गेली तर मी इथे कशासाठी आहे ते मला सांग.

काहीही करू नकोस. ऑफिसात जाऊ नकोस. मोज्यांचं वाचून माझाही जीव गेला, पण आई, मोजे वाळतात. न येणारं वाचन आपोआप येत नाही. तिच्या दप्तरात जास्तीचे मोजे ठेव. केझियाला समजाव की कुणीही विचारलं, कितीही प्रेमाने विचारलं, तरी तू तिची आजी नाहीस. एकाला कळलं की सगळं गेलं आणि मी उगीचच लांब राहिले असं होईल. तिला म्हणावं, आईसाठी एवढं कर.

हे वाचून फाडून टाक.

व्हनेटा


फिलाडेल्फिया, १ मार्च २०१३

व्हनेटा,

मधली माझी पत्रं हवापाण्याची होती. हे नाही.

टॉलिव्हर बंद होणार. जूनमध्ये कुलूप. शिक्षण खात्याच्या माणसाने येऊन फळ्यावर आकडे लिहिले, एवढी बाकं, एवढी पोरं, परवडत नाही. टॉलिव्हरचं जिम गच्च भरलं होतं. आया रडत होत्या, बाप शिव्या देत होते. ज्यांनी पोरं आधीच टेकडीवर नेली होती तेही शिव्या द्यायला आले होते. हॅटी क्रम्पने माइक माझ्या हातात कोंबला. "अर्नेस्टीन, बोल! तुझा आवाज त्या माणसाच्या कानात जायला हवा." मी माइक पुढच्या बाईला दिला. हॅटी म्हणाली, "काय गं, आजारी आहेस का?" मी म्हटलं, "घसा बसलाय." काय बोलणार होते? ती शाळा पोरं कमी पडून मरतेय, त्या कमी पडलेल्यांत एक माझं आहे.

दुसरं. बर्नडीन उन्हाळ्यात भावाकडे राहायला जाणार, दुसऱ्या राज्यात, डेलावेअरला. तिला मी दोष देत नाही. डेलियाला रात्री झोपेत दात खायची सवय लागलीय. पण बर्नडीन गेली की कागदावर केझियाही डेलावेअरला गेली, आणि तिथल्या पोरांना लॅडरमध्ये घेत नाहीत. ती मला म्हणाली, "तुम्ही म्हणत असाल तर मी थांबते, मिस अर्नेस्टीन." मी काय म्हणणार? माझ्या नातीसाठी तुझी पोरगी इथे सडू दे? मी काहीच म्हटलं नाही. अलीकडे ते मला छान जमतं.

आता मंगळवारचं ऐक.

दुपारी मी लवकर सुटलेल्या लहान पोरांना रस्ता पार करून देत होते. लॅडरच्या ऑफिसची खिडकी माझ्या कोपऱ्यावर उघडते. आत खुर्चीत केझिया, कोट घातलेला, डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड बिटासारखं लाल. ताप मला रस्त्यावरून दिसला. बर्नडीन कामावर, फोन कपाटात. शेवटचं पोर पलीकडे सोडलं आणि मी पाटीसकट आत गेले.

ऑफिसात मिस फेल्टन असते. चांगली पोरगी आहे, रोज मला हात करते. मी म्हटलं, "त्या मुलीला न्यायला आलेय. मी तिची आजी."

ती हसली. मनापासून हसली, गं. म्हणाली, "मिस ग्रिग्ज, तुम्ही तर सगळ्यांच्याच आजी!"

मी म्हटलं, "मी खरी आजी आहे."

"मला ठाऊक आहे ना. सगळी पोरं तुम्हाला आजीच म्हणतात. किती जीव लावता तुम्ही. पण यादीत तिच्या आईचं, बर्नडीनचंच नाव आहे, तिच्याशिवाय कुणाच्या हाती देता येत नाही. नियम आहे." मग मला बरं वाटावं म्हणून ती खुर्चीकडे वळून म्हणाली, "केझिया, राणी, या कोण आहेत ठाऊक आहे ना तुला?"

माझ्या पिशवीत नेव्हीचा तो कागद होता. तुझ्या सहीचा, पोरगी माझ्या ताब्यात दिल्याचा. तो मी नेहमी जवळ बाळगते. माझा हात पिशवीत होता. कागद बोटांना लागला होता. तो बाहेर काढला की मी आजी, आणि त्याच क्षणी जागा गेली.

केझियाने मान उचलली. गाल फुगलेले होते, तापातसुद्धा. तिने माझ्या पिशवीकडे बघितलं. मग हळूच हवा सोडली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "हो, मॅम. या मिस ग्रिग्ज. या रस्ता पार करून देतात."

"शाब्बास," मिस फेल्टन म्हणाली, आणि तिच्या कोटाला तारा चिकटवला. पूर्ण वाक्यात उत्तर दिलं म्हणून.

मी हात पिशवीतून रिकामा काढला. म्हटलं, "काळजी घ्या तिची." कोपऱ्यावर येऊन शाळा सुटेपर्यंत उभी राहिले.

घरी आल्यावर तिला औषध दिलं, सूप दिलं. मी विचारलं, "मी आत आले होते, तरी असं का म्हणालीस? मी न्यायला आले होते ना?" ती म्हणाली, "आईने लिहिलंय ना. एकाला कळलं की सगळं गेलं आणि ती उगीचच लांब राहिली असं होईल." मग पुढचंही म्हणून दाखवलं, "मोजे वाळतात. न येणारं वाचन आपोआप येत नाही." एकही शब्द चुकला नाही.

तू फाडायला सांगितलं होतंस. मी साखरेच्या डब्यामागे ठेवलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत या घरात पत्र वाचता येणारी मी एकटीच होते, तीच सवय राहिली. तुला हवं होतं तसं ती वाचते, व्हनेटा. पहिलं लांब पत्र तिने तेच वाचलं.

जूननंतरचं तूच ठरव. टॉलिव्हर नाही, बर्नडीन नाही, जागा असून नसल्यासारखी. दोन मैलांवर दुसरी एक सरकारी शाळा आहे, ब्रॉड स्ट्रीट ओलांडून. तिथे म्हणे एका बाकावर तीन पोरं बसवणार. कागद दाखवायचा की नाही, तेही तूच सांग. माझा हात एकदा रिकामा निघाला. पुन्हा काय निघेल मला सांगता येत नाही.

ताप उतरला. आज सकाळी डेलियाबरोबर बर्नडीनच्या दारातून निघाली, रोजच्यासारखी, पट्टी नसलेल्या फुटपाथवर पट्टीवरून चालल्यासारखी. मी पाटी वर केली, गाड्या थांबवल्या. रस्त्याच्या मध्यावर तिने गालातली हवा सोडली आणि म्हणाली, "थँक यू, मिस ग्रिग्ज."

मी म्हटलं, "सांभाळून जा, बाळ."

दोघीही चांगल्या शिकलोय.

तुझी आई, घरातल्या घरात